भंडारदऱ्याला तंबू टाकताना : आधी महिना, मग गाव, मग तंबू

भंडारदऱ्याच्या सहलीची आखणी बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरू होते. कुणीतरी मोबाइलवर तंबूंचा फोटो पाठवतं, मागे निळं पाणी, पुढे शेकोटी. लगेच ग्रुपवर अंगठे उमटतात आणि आगाऊ पैसेही भरले जातात. मग निघायच्या आदल्या रात्री कळतं की तिकडे चार दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही, किंवा ज्या गावात तंबू आहे तिथून आपल्याला चढायचा डोंगर तलावाच्या पलीकडे आहे. तंबू ही या आखणीतली शेवटची गोष्ट आहे. आधी महिना ठरवावा, मग गाव, मग त्या गावातली नेमकी जागा. या तीन गोष्टी जमल्या की सामानाची यादी आपोआप निम्मी होते.

जागा नीट समजून घ्या

अहिल्यानगर म्हटलं की ऊस, दुष्काळ आणि चारा छावण्या आठवतात. या जिल्ह्याचा पश्चिमेकडचा कोपरा, म्हणजे अकोले तालुका, मात्र थेट सह्याद्रीच्या कड्यावर बसलेला आहे. राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटर, याच तालुक्यात. रतनगडाच्या परिसरात उगम पावलेली प्रवरा शेंडी गावाजवळ अडवून इंग्रजांनी धरण बांधलं. काम 1910 मध्ये सुरू झालं आणि 10 डिसेंबर 1926 रोजी मुंबई प्रांताचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. म्हणून ते विल्सन डॅम. मागच्या जलाशयाला आर्थर लेक म्हणतात. साठवण सुमारे 11 टीएमसी.

हे पाणी पुढे निळवंडे धरणातून प्रवरेच्या कालव्यांना जातं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा राहिला तो याच कालव्यांच्या उसावर. संगमनेरपासून श्रीरामपूरपर्यंतची शेती आणि पिण्याचं पाणी या नदीवर अवलंबून आहे. तंबूवाल्याने हे ध्यानात ठेवायचं कारण सरळ आहे. काठावर आपण जे सांडू, धुऊ, टाकू, ते खाली कुणाच्या तरी शेतात आणि हंड्यात जाणार.

दुसरी गोष्ट, तलावाभोवतीचा बराचसा डोंगर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. 1986 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 361 चौरस किलोमीटरचं आहे. त्याच्या आतच महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावं, त्यांची भातखाचरं आणि त्यांचे हिरडे-बेहडे आहेत. फोटोत मोकळं माळरान दिसतं ते बहुतेकदा कुणाचं तरी कापणी झालेलं खाचर असतं. रिकामी दिसणारी जागा बेवारस समजू नये.

महिना कोणता?

पहिल्यांदा तंबूत राहणार असाल, सोबत मुलं किंवा वडीलधारी असतील, तर ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. धरण साधारण 15 ऑगस्टच्या आगेमागे भरतं, त्यामुळे दिवाळीच्या सुमाराला तलाव काठोकाठ असतो आणि डोंगर अजून हिरवे असतात. भाताची कापणी उरकली की खाचरं मोकळी होतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा एक आकडी होतो, हे गृहीत धरूनच अंथरूण-पांघरूण न्यावं. आकाशात रस असणाऱ्यांसाठी 13-14 डिसेंबरच्या रात्री उत्तम, कारण तेव्हा मिथुन राशीतला उल्कावर्षाव ऐन भरात असतो. तारीख ठरवताना पंचांग उघडा. तारे बघायचे तर अमावास्येच्या जवळचा शनिवार घ्यावा, चांदण्यातलं पाणी बघायचं तर पौर्णिमेचा. दोन्ही एका सहलीत मिळत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये दुपार तापते. धरणातून आवर्तनं सुटत असल्याने पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. तंबूपासून पाणी दिसतं, पण तिथवर जाणं धोक्याचं असतं. गवत वाळलेलं असतं, वणव्याची भीती असते. गावांतही पाण्याची ओढाताण सुरू झालेली असते, तेव्हा चार बादल्या आंघोळीची अपेक्षा ठेवू नये.

मेअखेर ते जूनचा मध्य हा काजव्यांचा हंगाम. पहिला मोठा पाऊस लागेपर्यंत हा खेळ चालतो. याच दिवसांत वळीव येतो, वाऱ्यासकट आणि विजांसकट. तेव्हा काजव्यांसाठी जायचं तर रात्र घरात काढावी, तंबूचा हट्ट धरू नये.

जुलै ते सप्टेंबर इथला पाऊस हा पावसाचाच अवतार असतो. घाटघरला वर्तमानपत्रं जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात, ते उगाच नाही. या दिवसांत जा, जरूर जा, धबधबे तेव्हाच आहेत. पण मुक्काम पक्क्या छपराखाली करा. हवामान खात्याचा ऑरेंज किंवा रेड इशारा असेल तर बेत पुढे ढकला. जिल्हा प्रशासन धोक्याच्या ठिकाणी प्रवेशबंदी करतं, तेव्हा आडवाटेने घुसण्यात पुरुषार्थ नाही. सप्टेंबरअखेरीस पाऊस ओसरताना रतनगड आणि कळसूबाईच्या उतारांवर सोनकीचा पिवळा गालिचा पसरतो. तेव्हा दिवसा चढाई आणि रात्री गावात मुक्काम, असा बेत छान जमतो.

गाव कोणतं?

तलावाला वळसा घालणारा रस्ता आहे. शेंडीहून उत्तर काठाने निघालं की मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर येतं. तिथून वळून साम्रद, मग रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल आणि पुन्हा शेंडी. प्रत्येक गावाचा उपयोग वेगळा आहे.

शेंडी म्हणजे सोयीचं गाव. धरण, बाजार, हॉटेलं, पर्यटन महामंडळाचं निवास, एसटीचा थांबा हे सगळं इथे आहे. लहान मुलं, आजी-आजोबा सोबत असतील तर इथून लांब जाऊ नये. मुरशेत आणि मुतखेलच्या बाजूला काठालगत तंबू मिळतात, शेंडीही हाताशी राहते. पहिल्या अनुभवासाठी हा पल्ला पुरेसा आहे.

रतनगड चढायचा असेल तर रतनवाडीत राहा. हेमाडपंती बांधणीचं अमृतेश्वराचं देऊळ आणि त्याची कोरीव पुष्करणी गावातच आहे. पहाटे उठून थेट वाटेला लागता येतं. सांदण दरी बघायची तर साम्रद. दोन उभ्या कातळभिंतींमधली ती अरुंद घळ पावसाळ्यात पूर्णपणे वर्ज्य, कारण पाणी आलं तर बाजूला सरकायला जागाच नसते. हिवाळ्यातही आत पाणी साठलेलं असतं आणि पुढचा दोराचा टप्पा जाणत्या मंडळींशिवाय करू नये. घाटघर कोकणकड्यासाठी आणि सूर्यास्तासाठी. कळसूबाई हेच मुख्य उद्दिष्ट असेल तर मुक्काम तलावाकाठी न करता घोटी-राजूर रस्त्यावरच्या बारी गावात करणं शहाणपणाचं.

घाटघरच्या बाबतीत एक सावधगिरी. तिथे जो वरचा जलाशय दिसतो तो 250 मेगावॉटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पाचा आहे. वीज लागते तेव्हा पाणी खाली कोकणाच्या बाजूला सोडतात, आणि वीज शिल्लक असते तेव्हा तेच पाणी पुन्हा वर चढवतात. त्यामुळे पातळी एकाच दिवसात वर-खाली होते. सकाळी कोरडा दिसलेला काठ संध्याकाळी तसाच असेल याची खात्री नाही. तिथे काठावर उतरू नये, तंबू तर नाहीच नाही.

पोहोचायचं कसं आणि कधी?

मुंबईहून कसारा घाट, इगतपुरी, घोटी आणि तिथून उजवीकडे अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळून बारीवरून शेंडी, असं साधारण पावणेदोनशे किलोमीटर. नाशिककरांना हेच अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर पडतं. पुण्याहून आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर असा रस्ता. अहिल्यानगर शहरातून संगमनेर-अकोले मार्गे दीडशेच्या आसपास. रेल्वेने यायचं तर इगतपुरी किंवा कसारा स्थानकात उतरून घोटी गाठावी, तिथून पुढे एसटी किंवा जीप. एसटीच्या वेळा बदलतात, तेव्हा परतीची शेवटची गाडी कोणती हे उतरल्या उतरल्या विचारून ठेवावं.

वेळेबद्दल एकच नियम पाळा, दुपारी चारच्या आत मुक्कामाच्या जागी. तंबू उजेडात लावायचा असतो. जमिनीचा उतार, मुंग्यांचं वारूळ, सुकी फांदी या गोष्टी बॅटरीच्या उजेडात दिसत नाहीत. पेट्रोल आणि रोख पैसे घोटी, राजूर किंवा अकोल्यालाच घ्या. रतनवाडी-साम्रदच्या बाजूला मोबाइलची रेंज दगा देते, त्यामुळे नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा आणि ऑनलाइन पैसे चालतील या भरवशावर जाऊ नका. घरी एका माणसाला गावाचं नाव, यजमानाचा नंबर आणि परतीची वेळ लिहून द्यावी.

पैसे भरण्याआधी फोनवर काय विचारायचं?

तंबूचं भाडं किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. खरे प्रश्न पुढचे आहेत.

* जागा कुणाची आहे? स्वतःच्या मालकीची, की वनखात्याची, की पाटबंधाऱ्याच्या हद्दीतली? मालकीची असेल तर माणूस चटकन सांगतो. "तुम्ही या हो, बघू" असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवावा.
* शौचालय आहे का, किती माणसांत एक, आणि तंबूपासून किती लांब? बायका आणि मुलं सोबत असतील तर या उत्तरावरच निर्णय घ्यावा.
* त्या रात्री एकूण किती माणसं असणार? शंभर जणांच्या तळावर काजवेही दिसत नाहीत आणि तारेही.
* स्पीकर चालतो का? "हो, डीजे आहे" हे उत्साहाने सांगितलं गेलं तर काय समजायचं ते समजा.
* पाऊस किंवा वादळ आलं तर माणसांना कुठे हलवणार? जवळ पक्कं घर आहे का?
* वनखात्याचं प्रवेशशुल्क धरून पैसे सांगितलेत की वेगळे? नाक्यावर पावती घ्यावी आणि परतेपर्यंत जपावी.

शक्यतो गावातल्याच माणसाकडे राहा. बाहेरच्या एजंटाने घेतलेल्या पैशांतून गावात किती उतरतं हे सांगता येत नाही, पण स्थानिक घरात राहिलात तर अडीअडचणीला सगळं गाव पाठीशी असतं. रात्री दोन वाजता मूल तापलं तर गाडी काढणारा तोच माणूस असतो.

तंबू नेमका कुठे?

पाण्याला लागून तंबू हवा, हा हट्ट सर्वांत आधी सोडा. काठावर उभं राहून जमिनीकडे नीट पाहा. पाणी पूर्वी जिथवर आलं होतं तिथे काटक्या, वाळलेलं गवत, शेवाळाची पापुद्र्यासारखी रेघ अडकलेली असते. कधीकधी अशा दोन-तीन रेघा एकावर एक दिसतात. सर्वांत वरच्या रेघेच्याही बरंच वर, थोड्या उंचवट्यावर जागा निवडावी. वर रतनवाडी-घाटघरला कोसळलेल्या पावसाने तुमच्याकडे थेंब न पडताही पाणी चढू शकतं.

उंचावर राहण्याचं दुसरं कारण थंडी. रात्री गार हवा खोलगट भागात उतरून साचते, आणि पाण्याच्या अगदी जवळ दवही जास्त पडतं. पहाटे तंबूचं कापड आतून ओलं होतं, लोक समजतात तंबू गळतोय. तो आपल्याच श्वासाचा ओलावा असतो. वरची झडप थोडी उघडी ठेवून झोपलात तर हा त्रास कमी होतो.

झाडाखाली सावली मिळते, पण मान वर करून आधी सुक्या फांद्या बघा. एकट्या उंच झाडाखाली तंबू टाकू नये, वळवाच्या दिवसांत तर मुळीच नाही. विजा सुरू झाल्या की तंबू सोडून पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जाऊन बसावं. पाण्याच्या काठावर किंवा उघड्या माळावर उभं राहू नये. तंबूचं दार वाऱ्याच्या उलट दिशेला ठेवा, जमिनीला उतार असेल तर डोकं चढाकडे, पाय उताराकडे. खुंट्या तिरक्या ठोका, टोक तंबूकडे आणि डोकं बाहेर झुकलेलं. खाचराच्या बांधावर खुंटी ठोकू नये, बांध फुटला तर पुढच्या पावसात शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं.

सामान : कमी, पण नेमकं

तयार तळावर राहणार असाल तर तंबू, गादी, पांघरूण मिळतं. तरी माणशी एक चादर स्वतःची न्यावी. स्वतःचा तंबू असेल तर दुहेरी कापडाचा घ्या आणि खाली ताडपत्री अंथरा. ताडपत्रीची कड तंबूच्या बाहेर येऊ देऊ नका, नाहीतर दव आणि पाऊस तिच्यावरून वाहत थेट अंथरुणाखाली येतो. थंडीसाठी स्लीपिंग बॅग उत्तम, नसेल तर एक घोंगडी खाली आणि एक वर. जमिनीतून येणारा गारठा वरच्या रजईने अडत नाही, खाली काहीतरी जाड हवंच.

डोक्याला लावायची बॅटरी माणशी एक, वर जादा सेल. पूर्ण बाह्यांचे कपडे, कानटोपी, सुक्या मोज्यांचा जादा जोड, बंद बूट. शिट्टी, पाच-सात मीटर दोरी, चाकू, काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत. पहिल्या दिवसाचं पिण्याचं पाणी माणशी तीन-चार लिटर. औषधांत ताप, उलटी, जुलाबाच्या गोळ्या, क्षारसंजीवनीची पाकिटं, मलमपट्टी आणि प्रत्येकाची रोजची औषधं. दोन मजबूत पिशव्या कचऱ्यासाठी. एवढं पुरतं. स्पीकर, फटाके आणि ड्रोन घरी ठेवा.

जेवण आणि शेकोटी

पहिल्याच सहलीत स्वतः स्वयंपाक करण्याच्या फंदात पडू नये. गावात सांगितलं तर नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, डाळ-भात असं साधं, गरम जेवण मिळतं. सामिष खाणाऱ्यांना गावठी कोंबडी किंवा तलावातला मासा. मात्र किती माणसं, शाकाहारी किती, हे सकाळीच कळवावं. चूल पेटवणाऱ्या बाईला रात्री आठ वाजता "आम्ही आणखी सहा जण आहोत" असं सांगणं हा अन्याय आहे. हा भाग जुन्या भातांच्या वाणांसाठीही ओळखला जातो. बीजमाता म्हणून गौरवलेल्या पद्मश्री राहीबाई पोपेरे याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. निघताना घरचा हातसडीचा तांदूळ मिळाला तर विकत घ्या. भाव करू नका.

शेकोटीचा मोह सगळ्यांना असतो. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 30 नुसार अभयारण्याला धोका होईल अशा तऱ्हेने विस्तव पेटवणं किंवा पेटता सोडणं हा गुन्हा आहे. म्हणून शेकोटी यजमान सांगेल तिथेच, त्याच्या अंगणात, लोखंडी घमेल्यात. लाकूड त्याच्याकडून विकत घ्यावं. काठावरची फांदी तोडू नये. इथल्या घरांना हिरडा गोळा करून चार पैसे मिळतात, तुम्ही तोडलेली फांदी कुणाच्या तरी वर्षाच्या कमाईतली असू शकते. झोपण्याआधी विस्तवावर पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत ढवळा.

आणि एक जिवावरची गोष्ट. थंडी फार आहे म्हणून निखाऱ्यांची शेगडी किंवा गॅस बंद तंबूत घेऊ नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. माणूस झोपेतच जातो.

पाणी, साप आणि बिबट्या

तलाव शांत दिसतो म्हणून त्यात उतरू नका, पोहता येत असलं तरी. हे बुडालेलं खोरं आहे. पायाखालचा उतार अचानक तुटतो, गाळात पाय रुततो, आणि पाणी गार असल्याने धडधाकट पोहणाऱ्यालाही गोळे येतात. नौकाविहार करायचा तर लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून आणि उजेडात. दारू घेतलेल्या माणसाला पाण्याकडे जाऊ न देणं ही सोबतच्यांची जबाबदारी.

सापांत नाग, घोणस, फुरसं आणि मण्यार हे चार विषारी लक्षात ठेवावेत. त्यात मण्यार रात्रीचा हिंडणारा, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरणारा. त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, तेव्हा कुठे कळतं. म्हणून चांदण्यात उघड्यावर झोपण्याची हौस आवरा, तंबूची चेन कायम बंद ठेवा, बूट झटकूनच घाला आणि अंधारात बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. दंश झालाच तर कापू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. माणसाला हलू न देता थेट राजूर किंवा अकोल्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडे निघावं. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलिसांसाठी 112. वनखात्याची मदतवाहिनी 1926. धरणाचं साल तेच आहे, विसरायचं कारण नाही.

बिबट्या या पट्ट्यात आहे. तो माणसांच्या गोंगाटापासून लांबच राहतो, पण उघडं पडलेलं उष्टं आणि त्याच्या वासाने आलेली कुत्री त्याला जवळ बोलावतात. खरकटं बांधून ठेवावं आणि रात्री मुलांना एकटं शौचाला पाठवू नये.

काजव्यांचे शिष्टाचार

काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर जमतात. त्यांचं लुकलुकणं ही जोडीदाराला घातलेली साद असते. गाडीचे दिवे, मोबाइलचा फ्लॅश, बॅटरी यांनी ती साद तुटते. तेव्हा गाडी गावातच ठेवून पायी चला. बॅटरीला लाल कागद लावून ती जमिनीकडे धरा, झाडाजवळ पोहोचलात की बंद करा आणि दहा मिनिटं गप्प उभे राहा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय खरा खेळ दिसत नाही. झाडाखालच्या गवतात शिरू नका. काजव्यांच्या अळ्या जमिनीवरच वाढतात आणि काही जातींच्या माद्यांना पंखच नसतात. एक काजवा बाटलीत भरून मुलाला देणं म्हणजे त्याला चुकीची गोष्ट शिकवणं. रात्री ठरावीक वेळेनंतर वनखातं वाहनांना मज्जाव करतं, ती वेळ नाक्यावरच विचारून घ्या.

शौच आणि कचरा

शौचालय असेल तर तेच वापरावं, कितीही रांग असो. डोंगरावर असताना नाइलाज झालाच तर पाण्यापासून आणि वाटेपासून निदान साठ मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, नंतर माती ओढून. कागद पिशवीत भरून परत आणायचा. भांडी थेट तलावात धुऊ नयेत, पाणी बादलीत काढून लांब जमिनीवर धुवावीत. साबण राखेइतकाच लागतो, त्याहून जास्त नाही. अभयारण्यात कचरा टाकणं आणि प्राण्यांना त्रास देणं त्याच 1972 च्या कायद्याच्या कलम 27 मध्ये मना आहे. गावात कचरागाडी येत नाही. तुम्ही गावच्या डब्यात टाकलेली प्लॅस्टिकची बाटली शेवटी ओढ्यातच जाते. नेलेला कचरा आपल्या शहरात परत आणावा.

दोन रात्रींचा आराखडा

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शेंडी. धरणाच्या खालची बाजू बघून मुक्कामाच्या गावी जा, उजेडात स्थिरस्थावर व्हा. संध्याकाळ काठावर, रात्र लवकर.

दुसरा दिवस एकाच मोठ्या कामाचा. रतनगड, कळसूबाई किंवा सांदण, यांतलं एकच निवडा. रतनगडाला लोखंडी शिड्या आहेत आणि माथ्यावर वाऱ्याने कोरलेलं नेढं आहे, गावातला वाटाड्या घेऊन पहाटे निघालं की दुपारी जेवायला खाली येता येतं. कळसूबाईलाही शिड्या आहेत, चढायला तीन-चार तास धरा. ज्यांना चढायचं नाही त्यांनी अमृतेश्वराचं देऊळ बघावं, दुपारी झोपावं आणि संध्याकाळी घाटघरच्या कोकणकड्यावर जावं. कड्याच्या कठड्याबाहेर पाऊल टाकू नये.

तिसऱ्या दिवशी आवरून, जागा होती तशी करून, परतीच्या वाटेवर रंधा धबधबा. संगमनेरकडे जाणाऱ्यांना अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं दर्शन वाटेवरच होतं.

एवढ्या तयारीनंतरही बेत मोडू शकतो. हवामान खात्याचा इशारा येईल, यजमान फोन करून "या खेपेला नका येऊ" म्हणेल. त्याचं ऐका. तो आगाऊ रकमेवर पाणी सोडून हे सांगत असतो, कारण पाऊस त्याने तुमच्यापेक्षा जवळून पाहिलेला आहे. तारीख बदलून घ्या आणि पुढच्या महिन्यात जा. रतनगड आणि भंडारदरा कुठे जात नाहीत.